भाऊसाहेबांची तब्येत

आमच्या घरी झुरळं पोस्टाने येतात. खोक्यावर ‘जिवंत कीटक, उन्हात ठेवू नये’ असं ठळक छापलेलं असतं आणि थंडीच्या दिवसांत आत एक गरम पुडी घातलेली असते, प्रवासात त्यांना हुडहुडी भरू नये म्हणून. सासूबाई पुण्याहून राहायला आल्या आणि त्याच आठवड्यात असं एक खोकं दारात येऊन पडलं. ज्या बाईनं नारायण पेठेतल्या मोरीत उभी हयात झुरळांशी लढण्यात घालवली, तिच्या देखत तिच्या सुनेनं खोकं उघडलं, आतली झुरळं हलक्या हाताने प्लास्टिकच्या डब्यात ओतली आणि वर गाजराचे तुकडे टाकले. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “किती आहेत?”

“दोनशे.”

“मोजून घेतलीस?”

ही झुरळं भाऊसाहेबांची. भाऊसाहेब म्हणजे आमच्या अमेरिकेतल्या, एडिसनच्या घरात, दिवाणखान्यात, चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशा काचेच्या पेटीत राहणारा दीडफुटी ऑस्ट्रेलियन सरडा. इंग्रजीत याला बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात. गळ्याखाली काटेरी कातडीची झोळी असते. राग आला की ती फुगते आणि काळीकुट्ट होते, तीच दाढी. वाऱ्यावर सोडलेले प्राणी आणून घरी सांभाळणाऱ्या एका बाईंकडून लेकीच्या हट्टापायी हा आमच्याकडे आला. कुणी कॉलेजचा विद्यार्थी भाड्याची खोली सोडताना टेबल, खुर्ची आणि सरडा तिथेच ठेवून गेला होता. टेबल-खुर्ची लगेच कुणीतरी उचलली म्हणे.

बाईंकडे त्याचं नाव स्पाइक होतं. अमेरिकेतल्या निम्म्या सरड्यांचं तेच असावं. पण सासूबाईंनी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो ओंडक्यावर छाती पुढे काढून, डोळे अर्धे मिटून, समोरच्याच्या अर्जात काय खोट आहे ते शोधत असल्यासारखा बसला होता. “अगं, हे तर आमचे भाऊसाहेब!” सासूबाई म्हणाल्या. भाऊसाहेब हे त्यांचे चुलत सासरे, जुन्या काळचे मामलेदार. नाव पडलं आणि नावाबरोबर आदरार्थी बहुवचनही आलं. तेव्हापासून आमच्याकडे सरडा जेवत नाही, भाऊसाहेब जेवतात. सरड्याला जुलाब होत नाहीत, भाऊसाहेबांचं पोट बिघडतं. आणि ते सारखं बिघडतं.

तब्येतीकडे वळण्याआधी एक वाद मिटवायला हवा, कारण पुण्याच्या फोनवर तो दर रविवारी होतो. मावशींचं म्हणणं, ही पाल आहे आणि घरात पाल पाळणं हे काही चांगलं लक्षण नाही. पंचांगात पाल अंगावर पडल्याची फळं दिलेली असतात, कुठल्या अवयवावर पडली तर काय, त्या हिशोबाने. पण तिथेच सरडा अंगावर चढला तर काय, याचाही विचार केलेला असतो, हे सासूबाईंनी मावशींच्या लक्षात आणून दिलं. शास्त्रही सासूबाईंच्या बाजूचं. भाऊसाहेब अगॅमिडी कुळातले, म्हणजे आपल्याकडे कुंपणावर मान हलवत बसतो त्या सरड्याचे सख्खे नसले तरी नात्यातले. भिंतीवरची पाल वेगळ्या घराण्यातली. मावशींनी तरीही सावधगिरी म्हणून सांगितलं, की त्या दक्षिण भारताच्या सहलीत कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरातल्या सोन्याच्या पालीला हात लावून आल्या आहेत, त्यामुळे त्यांना स्वतःला तरी दोष लागणार नाही. आमचं आम्ही बघावं.

तर तब्येत. भाऊसाहेब आले तेच पुढचा डावा पाय वाकडा घेऊन. चालताना थरथरत, आणि खालचा जबडा बोटाने दाबला तर रबरासारखा दबत असे. आम्ही सरड्यांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ मिळण्याची वाट पाहत होतो, तेवढ्यात सासूबाईंनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि निदान केलं. “मुडदूस झालाय याला. ऊन दाखवलं नाहीये पोराला.”

पुढे डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढून, लांबलचक इंग्रजी नाव लिहून, बिल करून जे सांगितलं ते अक्षरशः हेच होतं. उन्हातले अतिनील-बी किरण कातडीवर पडले की अंगात डी-थ्री जीवनसत्त्व तयार होतं, त्याच्या जोरावर आतडी अन्नातला कॅल्शियम शोषतात. ऊन नाही तर डी-थ्री नाही, डी-थ्री नाही तर खाल्लेला कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि मग शरीर रक्तातली गरज भागवायला हाडांतला कॅल्शियम काढत बसतं. हाडं मऊ होतात, वाकतात, मोडतात. त्या विद्यार्थ्याने सरड्याला एक लाल बल्ब लावून दिला होता. ऊब मिळत होती. ऊन मिळत नव्हतं. खिडकीत ठेवलं असतं तरी उपयोग नव्हता, खिडकीची काच हे किरण अडवते.

म्हणून आमच्याकडे आता एक लांब नळीचा दिवा आहे, जो ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातलं ऊन बनवतो, आणि त्याच्या शेजारी दुसरा दिवा, जो नुसता तापवतो. या दुसऱ्या दिव्याखालच्या दगडावर चाळीस अंश सेल्सिअस लागतात, नाहीतर भाऊसाहेबांना अन्न पचत नाही. पेटीचं दुसरं टोक पंचविसाच्या आसपास हवं, म्हणजे त्यांना मन मानेल तसं इकडून तिकडे जाता येतं. बाहेर बर्फ, घरात बिलाच्या धास्तीने आम्ही स्वेटर घालून वीस अंशांत बसलेलो, आणि पेटीत अकोल्याचा एप्रिल. नवऱ्याने एकदा उबेसाठी हात आत घातलेला मी पाहिला आहे.

उन्हाच्या नळीवरून आमच्या घरात दरवर्षी भांडण होतं. या नळीतले अतिनील किरण हळूहळू आटतात, पण उजेड तसाच पडत राहतो. त्यामुळे बनवणाऱ्यांनी सांगितलेल्या मुदतीत, साधारण वर्षभरात, ती बदलायची असते. नवऱ्याचं बालपण नारायण पेठेत गेलं. लागत असलेली ट्यूबलाइट काढून फेकायची ही कल्पना त्याला सहन होत नाही. “अगं, चालू आहे की!” हे वाक्य तो शिडीवर उभा राहून, जुनी नळी छातीशी धरून म्हणतो. काढलेल्या सगळ्या नळ्या गॅरेजमध्ये आहेत.

गंमत अशी, की घरातल्या माणसांपैकी एकाचंही डी जीवनसत्त्व धड नाही. सासूबाई पुण्याहून येतानाच साठ हजार युनिटची आठवड्याची गोळी घेऊन आल्या होत्या, आम्ही दोघं रोजची खातो, लेकीचंही काठावरच. वर्षाला दोनदा नवं ऊन लागणारा प्राणी घरात एकच.

नाही, वर्षाला एकदा. नवरा वाचतोय हे.

आता आहार. पालक वर्ज्य, कारण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. अॅव्होकॅडो विषारी. आइसबर्ग लेट्यूसमध्ये पाण्याखेरीज काही नाही. चालतात ती मोहरीची पानं, कोलार्डची पानं, डँडेलियनची पानं, किसलेला तांबडा भोपळा. सासूबाई दुपारी टीव्ही लावून भाऊसाहेबांची पालेभाजी निवडत बसतात, देठ वेगळे, पानं वेगळी. त्याच्यावर झुरळं. ही डुबिया जातीची, गुळगुळीत प्लास्टिकवर त्यांना चढता येत नाही, म्हणून डब्यातून पळत नाहीत, हाच त्यांचा मोठा गुण. आधी आणले होते रातकिडे. त्यातला एक पळून फ्रिजमागे गेला आणि रात्रभर आणि नंतर नवऱ्याच्या ऑफिसच्या मीटिंगभर गात राहिला. कॅलिफोर्नियातल्या कुणीतरी विचारलं म्हणे, तुम्ही कॅम्पिंगला गेला आहात का?

झुरळं तशीच द्यायची नसतात. एका पिशवीत कॅल्शियमची पांढरी भुकटी घ्यायची, त्यात झुरळं टाकायची आणि पिशवी हलवायची. सासूबाईंनी हे काम पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोळे मिटले. दुसऱ्यांदा म्हणाल्या, “बोंबलाला रवा लावतात तशी लाव की त्यांना भुकटी. सगळीकडून लागली पाहिजे. आण इकडे.” तेव्हापासून ते खातं त्यांच्याकडे. शिवाय झुरळांनी काय खाल्लंय यावर त्यांचं पोषणमूल्य ठरतं, म्हणून झुरळांनाही रोज गाजर, संत्र्याच्या फोडी. आपल्या घरात सर्वांत चौरस आहार कोण घेतं, हा प्रश्न नवरा अधूनमधून पोळीचा तुकडा मोडत विचारतो.

उन्हाळ्यात अंगणात काजवे येतात, त्यांना मात्र पेटीच्या आसपास फिरकू द्यायचं नाही. अमेरिकेतल्या काजव्यांच्या अंगात एक विष असतं. एका काजव्यानेही अशा सरड्याचा जीव जाऊ शकतो. लेकीच्या मैत्रिणी बरणीत काजवे पकडून आत येतात तेव्हा सासूबाई दाराशी उभ्या राहून सगळ्यांच्या मुठी उघडून बघतात.

पोटाचं प्रकरण नाजूक आहे, पण टाळता येत नाही. भाऊसाहेबांच्या पोटात जंत होते. त्यांचं औषध झालं. मग कॉक्सिडिया नावाचे सूक्ष्म जीव निघाले. त्यांचं औषध झालं. मग पुन्हा जंत. प्राणी बंद पेटीत राहतो, आपल्याच विष्ठेवरून चालतो, त्याच पायांनी जेवणात येतो, त्यामुळे औषधाने मारलेलं सैन्य पुन्हा उभं राहतं. म्हणून वाळू, चिपा वगैरे सगळी शोभा काढून खाली कागदी टॉवेल अंथरले आणि दर खेपेला तपासणी ठरली. तपासणी म्हणजे ताजा नमुना डॉक्टरीणबाईंकडे पोचवायचा. पण भाऊसाहेब हा कार्यक्रम करतात शनिवारी रात्री, आणि दवाखाना उघडतो सोमवारी. तोपर्यंत नमुना फ्रिजमध्ये ठेवावा, अशी सूचना.

त्या रविवारी मी कामात असताना सासूबाईंनी आमटीसाठी चिंचेचा कोळ शोधायला फ्रिज उघडला. कोळ होता झिपच्या पिशवीत. नमुनाही होता झिपच्या पिशवीत. दोन्ही पिशव्या मधल्या कप्प्यात. रंगाचं वर्णन करत नाही. सासूबाईंनी एक पिशवी उघडली, वास घेतला, मिटली, जागच्या जागी ठेवली, हात धुतले, आणि आमटीत कोकम घातलं. संध्याकाळी फ्रिजच्या तळाशी एक झाकणाचा डबा दिसला, त्यावर चिकटपट्टी लावून त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘भाऊसाहेब. उघडू नये.’

त्या दिवसापासून घरात सोवळं सुरू झालं. सरड्यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. त्यामुळे त्यांना हात लावला की साबणाने हात धुवा, त्यांची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये घासू नका, त्यांना ओट्याजवळ फिरकू देऊ नका, असं अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र बजावून सांगतं. मी ते पत्रक मराठीत वाचून दाखवलं. सासूबाईंनी मान डोलावली. या देशाच्या सरकारशी त्यांचं एकमत झालेला हा पहिला विषय. आता भाऊसाहेबांचं तसराळं वेगळं, फडकं वेगळं, साबण वेगळा आणि त्यांना आंघोळ घालून आलेल्या माणसाने आधी कपडे बदलायचे.

आंघोळही असते. कोमट पाण्यात, छातीपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं. त्यात उभं राहून भाऊसाहेब एक पुढचा पाय हळूच वर उचलतात आणि हवेत गोल फिरवतात. सासूबाईंना वाटलं आशीर्वाद देतात, म्हणून त्यांनी नमस्कार केला. ही खरं तर शरणागतीची खूण: तू मोठा, मी लहान, मला मारू नकोस. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यात त्यांना लेकीकडून कळलं की भाऊसाहेबांच्या टाळूवर एक तिसरा डोळा आहे. खवल्यांमधला फिकट ठिपकाच तो, त्याला चित्र दिसत नाही, फक्त उजेड आणि सावली कळते, म्हणून वरून हात आला की सरडा दचकतो. सासूबाईंनी फक्त ‘तिसरा डोळा’ एवढंच ऐकलं. सोमवारी भाऊसाहेबांना झुरळं मिळत नाहीत आता. नुसती पालेभाजी.

मध्यंतरी भाऊसाहेबांच्या हिरड्या सुजल्या. मऊ जबड्याचंच हे पुढचं दुखणं. दर तीन दिवसांनी अँटिबायोटिकचं इंजेक्शन, तेही घरी द्यायचं, आणि पुढच्याच पायात, कारण मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडाकडे जातं. भरलेल्या सिरिंजा फ्रीझरमध्ये, ओल्या नारळाच्या चवाशेजारी. स्वतःचं रक्त काढताना नवरा भिंतीकडे बघतो आणि नर्सला पाऊसपाण्याबद्दल विचारत राहतो. पण त्याने हे काम अंगावर घेतलं. लेक भाऊसाहेबांना टॉवेलात गुंडाळून धरायची, सासूबाई मोबाइलचा टॉर्च धरायच्या, मी सिरिंज कोमट करून द्यायची. सुई गेली की भाऊसाहेबांची दाढी काळी व्हायची आणि नवऱ्याचा चेहरा पांढरा. दोघांनाही पूर्ववत रंगावर यायला साधारण सारखाच वेळ लागे.

मग हिवाळ्यात भाऊसाहेबांनी जेवण सोडलं आणि ओंडक्याखाली जाऊन झोपले. हे सरडे असं करतात. दिवस लहान झाले की आठवडेच्या आठवडे झोप काढतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन घटत नसेल तर झोपू द्या. त्यामुळे स्वयंपाकघरातला केकचा काटा पेटीशेजारी कायमचा गेला. झोपलेला सरडा आणि मेलेला सरडा यांत बाहेरून फरक फार थोडा. ऑफिसला निघताना प्रत्येक जण वाकून बघायचा, पोट हलतंय का. सासूबाई फोनवर मावशींना सांगत होत्या, “नाही, तसं सीरियस काही नाही, चातुर्मासात आहेत.”

वसंतात ते उठले, खायला लागले, लठ्ठ झाले, आणि एका सकाळी पेटीच्या काचेवर दोन्ही हातांनी खणायला लागले. दिवसभर खणत राहिले. दगडावर बसेनात, जेवेनात. पुन्हा दवाखाना, पुन्हा एक्स-रे. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरला. पोटात गोल गोल सावल्या, द्राक्षांच्या घडागत.

भाऊसाहेबांना दिवस गेले होते.

नर नसला तरी या सरड्यांच्या माद्या कोंबडीसारख्या वांझ अंडी घालतात. खणायला ओली माती मिळाली नाही, तर अंडी अडकून जीव धोक्यात येतो. आणि सगळा कॅल्शियम त्या टरफलांत जातो, म्हणजे ज्या हाडांसाठी आम्ही दरवर्षी नळ्या बदलत होतो, तीच हाडं पुन्हा पोकळ. जबडा परत परत मऊ का होत होता, याचं निम्मं उत्तर हे. घरी येऊन टपात ओली माती-वाळू भरली, भाऊसाहेबांना आत सोडलं, वर चादर टाकली. कुणी बघत असेल तर त्या अंडी घालत नाहीत. सासूबाईंनी सगळ्यांना दिवाणखान्यातून हाकललं, टीव्ही बंद केला. संध्याकाळी वीसेक अंडी निघाली, पांढरी, लांबट, मऊ. भाऊसाहेब मातीने माखलेल्या, खपाटीला गेलेल्या, ओंडक्यावर पडून होत्या. किंवा होते. व्याकरणाचं काय करायचं ते कुणाला सुचेना.

“डिंकाचा लाडू चालेल का गं बाळंतिणीला?” सासूबाईंनी विचारलं.

मी नाव बदलायचं सुचवून पाहिलं. सासूबाई ठाम राहिल्या, आणि इथेही शास्त्र त्यांच्या मदतीला धावून आलं. कॅनबेरा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलं, की या सरड्यांची अंडी सुमारे ३२ अंशांहून जास्त तापमानात उबवली गेली, तर गुणसूत्रांनी नर असलेली पिल्लं मादी म्हणून जन्माला येतात, अंडीही घालतात, आणि अशा माद्या ऑस्ट्रेलियाच्या रानात सापडल्याही आहेत. तेव्हा आमचे भाऊसाहेब गुणसूत्रांनी अजूनही मामलेदार असू शकतात. तपासणी आम्ही करणार नाही. झालेल्या तपासण्यांची बिलं भागवतो आहोत.

बिलांचं खरं कारण मात्र आजार नव्हेच. दुकानात हा सरडा ‘नवशिक्यांसाठी उत्तम, सांभाळायला सोपा’ म्हणून विकतात. स्वभावाने तो खरंच गरीब, आणि ऑस्ट्रेलियातून निर्यातीला कित्येक दशकं बंदी असली तरी बाहेर त्याची पैदास इतकी झाली, की पिल्लू स्वस्तात मिळतं. पिल्लापेक्षा दिवा महाग, दिव्यापेक्षा पेटी महाग, आणि डॉक्टरच्या एका भेटीत तिन्ही निघतात. पेट इन्शुरन्सच्या बहुतेक योजना कुत्र्या-मांजरांपाशी संपतात. लोक पिल्लू घेतात, दिवा घेत नाहीत, आणि वर्ष-दोन वर्षांत वाकड्या पायांचा सरडा कुणाच्या तरी दारात येतो. त्यात सरड्याचा दोष एवढाच, की तो भुंकून तक्रार करत नाही. दुखणं लपवणं हाच त्याचा रानातला स्वभाव. आपल्याला कळतं तोवर उशीर झालेला असतो.

परवा पुण्याहून भाच्याने फोटो बघून फोन केला, मामी, मलाही असा एक हवाय. त्याला सांगितलं ते इथे सगळ्यांनाच सांगते. रानातली घोरपड वगैरे उचलून आणायचा विचारही करू नका, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे ती, तुरुंगात जाल. इग्वानासारखे परदेशी प्राणी पाळायचे तर २०२२च्या दुरुस्तीनंतर सरकारदरबारी नोंद लागते, ती आहे का ते विकणाऱ्याला विचारा. हे सगळं करूनही हवाच असेल, तर दुकानातलं पिल्लू न घेता कुणीतरी टाकून दिलेला, वयस्क, वाकडा सरडा आणा, तो दहा वर्षं सहज जगू शकतो हे घरातल्यांना आधी सांगा, आणि सगळ्यात आधी गावात सरडा तपासणारा डॉक्टर शोधा. आमच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवू नका. त्यांची पुढची तारीख दीड महिन्यानंतरची आहे आणि ती भाऊसाहेबांच्या नावावर आहे.